केळीची खोली

चूक पकडायला प्रोग्राममधून वेगळ्या काढलेल्या अकरा ओळींतल्या शेवटच्या ओळीवर रुखसारनं बोट ठेवलं आणि त्या पुन्हा चालवल्या. पडद्यावर चार अंश आले. यायला हवे होते चौदा.

आता म्हणा, चूक कुणाची! अर्धापूरच्या केळी पिकवायच्या खोल्यांचं तापमान सांभाळणारा हा नवा प्रोग्राम नांदेडच्या ऑफिसात बसून तिनंच लिहिलेला. त्यात एक साधी थंड खोली, चार अंशांची; आणि तिच्यावरून बेतलेली केळीची खोली, चौदाची. नियम असा, की केळीच्या खोलीला नुसतं 'खोली' म्हणून पुढं पाठवलं, तरी तिनं आपले चौदा अंश सोडायचे नाहीत. पण प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिला गुपचूप साधी खोली करून टाकत होता. ना सूचना, ना तक्रार. त्यापायी गेल्या आठवड्यात खोलीभर केळी काळी पडली होती.

मालक व्यंकटसरांनी टेबलावर कागद ठेवलेलाच होता. 'चूक माझी' म्हणून सही करायची, खाली एका साक्षीदाराची सही, आणि उद्यापासून घरी बसायचं. इथली रीतच ती.

तिनं दुपारपर्यंत मुदत मागितली. कंपायलर बनवणाऱ्यांच्या साइटवर जुन्या तक्रारी चाळता चाळता तिचा हात थांबला. चार वर्षांपूर्वीची तक्रार, जवळजवळ याच अकरा ओळी. खाली नाव होतं वकार, नांदेड.

वकारभाईंच्याच खुर्चीत ती बसली होती. त्यांच्या वेळीही केळी काळी पडली होती. तेही कंपायलरचंच नाव घेत होते आणि सगळे हसले होते, तीसुद्धा. त्यांच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही तिची. बाई गं, वाचलासुद्धा नव्हता तिनं तो कागद.

तक्रारीखाली कंपायलरवाल्यांनी विचारलं होतं, आमच्याकडं असं होत नाही, आणखी कुणाला होतंय का? वकारभाईंनी लिहिलं होतं, माझ्या जागेवर एक मुलगी आहे, ती करून बघेल आणि सांगेल. त्या महिन्यात त्यांचे फोन आले होते. तिनं उचलले नव्हते. पुढं कुणाचंच उत्तर नाही म्हणून तक्रार बंद झालेली.

लाजेनं तिचे कान तापले. तरी तिनं तो पडदा सरांना दाखवला.

"वकारचंच ना हे?" सर म्हणाले. "मग झालं की. दोघांनी एकच चूक केली."

तिनं सही केली. साक्षीला महिन्यापूर्वी लागलेल्या ऋतुजाला बोलावलं होतं. तिच्याकडं पेन देताना रुखसार हळूच म्हणाली,

"माझा फोन आला तर उचलशील?"

"हाव, ताई," म्हणत ऋतुजानं कागद न वाचताच सही केली.