कोटमांडव्याच्या वेशीनं गोदावरी अडवली

मित्रांनो, मी एक जुनी वेस आहे. पालमहून गंगाखेडकडे जाताना आडवाटेला, गोदावरीच्या काठी आमचं कोटमांडवा गाव लागतं. त्याच्या तटबंदीतलं नदीकडचं प्रवेशद्वार म्हणजे मी. यंदा माझ्या बाबतीत जे घडलं, ते तुम्हाला कधी एकदा सांगते असं मला झालं आहे!

यादवांच्या राज्यात पाथरवटांनी काळे दगड घडवून मला उभं केलं. पुढे सुलतानांच्या कारागिरांनी माझी कमान उंच केली आणि हत्तीच्या धडकेनंही मोडू नयेत अशी सागवानी दारं बसवली. काय ते दिवस होते! होड्यांतून उतरलेलं मीठ आणि कापडाचे तागे माझ्याखालून पेठेत जायचे. दिवस मावळला की नगारा वाजायचा, दारं मिटायची आणि गाव निर्धास्त व्हायचं.

निजामाचं राज्य गेलं. बाजार गंगाखेडला गेला. माझी दारं उघडी राहिली ती राहिलीच. त्यांच्या पायाशी गुडघाभर माती साचली. कुणी माझ्यावर जाहिराती चिकटवल्या, कुणी शेळ्या बांधल्या. नदीकाठच्या मळ्यांतून येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या माझ्या कमानीत अडकू लागल्या, तेव्हा सरपंच रेणुकाताईंनी मला पाडायचं ठरवलं.

शाळेतले सिद्धोधन सर त्यांना म्हणाले, "ताई, अशी वेस पुन्हा बांधून व्हायची न्हाई."

"मला का हौस हाय, सर? ट्रॉली अडकली की अर्धं गाव खोळंबतंय. लोक माझ्या दारात येऊन भांडायलेत."

ताईंचंही खोटं नव्हतं.

भाद्रपदात एका सकाळी पालमचा सूर्यभान जेसीबी घेऊन माझ्यासमोर गावाच्या बाजूनं उभा राहिला. रेणुकाताई, सर आणि गावकरीही जमले होते. वर धरणाचं पाणी सोडलेलं होतं, गोदावरी फुगली होती. त्यानं लोखंडी खोरं उचललं. तेवढ्यात वेशीजवळच्या घरातली सरजाबाई ओरडत आली, "रेणुका, पाणी आलं गं! घाटाच्या पायऱ्या बुडाल्या!"

सगळ्यांनी माझ्या कमानीतून बाहेर पाहिलं. गढूळ पाणी चढ चढून माझ्याकडेच येत होतं. नदीकडचा तट शाबूत होता. पाण्याला गावात शिरायला माझ्याशिवाय वाट नव्हती. रेणुकाताईंची नजर माझ्या उघड्या दारांकडे गेली आणि त्या एकदम म्हणाल्या, "सूर्यभान, थांब! ही दारं लावता येतेल का?"

"माती काढली तर बघता येईल, ताई!"

मग काय सांगू मित्रांनो! जेसीबीनं दारांच्या पायाशी साचलेली माती भराभर उपसली. सिद्धोधन सरांनी पहार घालून दारं भिंतीपासून सुटी केली. सूर्यभाननं हळूच रेटा दिला. कर्रर्र! किती वर्षांनी माझं अंग हललं! एक दार फिरलं. दुसरं अर्ध्यावर अडलं, तेव्हा बायाबापड्यांनी खांदे लावले. पाणी उंबऱ्याला टेकलं आणि त्याच वेळी दारं मिटली.

"अडसर घाला! पोती आणा!" ताईंचा आवाज फुटत होता. माणसांची रांग लागली. मातीच्या पोत्यांची थप्पी कमरेएवढी झाली. बाहेरून नदी धडका देत होती. जुन्या लाकडावर भरवसा कसा ठेवायचा? सूर्यभाननं खोरं दारांना टेकवलं आणि पूर थांबेपर्यंत तसंच धरून ठेवलं. तो हसून म्हणाला, "पाडायला आलतो, अन् आता धरून बसलोय!"

फटींतून थोडं पाणी झिरपलं, पण एकही घर बुडालं नाही. संध्याकाळी पाणी उतरू लागलं, तेव्हा सरजाबाईनं माझ्या दारावर हात ठेवला आणि रेणुकाताईंना म्हणाली, "आता कोण पाडतंय हिला, बघते मी!"

"कुणीच न्हाई, मावशी. ट्रॉल्यांना तटाबाहेरून वाट काढू."

तसा ठराव झाला आहे आणि वाटेवर मुरूमही पडला आहे. लोक लांबून मला बघायला येतात, हार घालतात, फोटो काढतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी वेस असेल, तर तिला नुसतं बघून जाऊ नका. तिच्या दारापाशी साचलेली माती काढा, दाराला तेल द्या आणि वर्षातून एकदा तरी सगळे मिळून ते दार लावून बघा. फिरतं दार पाहिलं की गावाला आपल्या वेशीचा उपयोग कळतो, आणि दारालाही आपण दार असल्याचं आठवत राहतं.