बाबा सही करणार होते

तिला सगळे टिटवी म्हणत, कारण तोंड म्हणून मिटत नसे. वय चौदा. दोन मोठ्या मैत्रिणींनी दुकानातून तीन मोबाइल उचलले, तेव्हा ही दुकानदाराला बोलण्यात गुंतवून उभी होती. पहिलाच गुन्हा.

बाल न्यायालयासाठी अशा मुलांचे अहवाल लिहिणं हे माझं काम. निकाल लागेपर्यंत मूल घरीच राहावं, रिमांड होममध्ये जाऊ नये, यासाठी मी वर्षानुवर्षं भांडत आले आहे. त्याला एवढंच लागतं, की घरच्या कोणीतरी हमीपत्रावर सही करून मुलाची जबाबदारी घ्यायची.

तिचा बाप बस चालवायचा. बायको वारल्यावर त्यानं एकट्यानं पोरीला वाढवलं. चौकीत तो तिचा हात धरून बसला होता.

"खरं काय ते सांगून टाक बाळा. मी आहे ना. उद्या घरी नेतो तुला."

तिनं सगळं सांगितलं. तोवर तिच्याविरुद्ध धड पुरावाही नव्हता. बाबा सही करणार आहेत, असं मीही तिला सांगितलं. त्यानं मला तसा शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशबाईंनी हमीपत्र त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं ते सावकाश वाचलं आणि परत केलं.

"राहू दे तिला थोडे दिवस आत. ताळ्यावर येईल."

टिटवी हसली. तिला वाटलं, बाबा चेष्टा करताहेत.

"अहो, पण काल तुम्ही म्हणालात ना?" मी विचारलं.

"ती खरं बोलावी म्हणून म्हणालो."

दुसरं कोणी आहे का, असं न्यायाधीशबाईंनी मला विचारलं. माझ्याकडे नाव नव्हतं. एका माणसाच्या शब्दावर विसंबून मी पुढे चौकशीच केली नव्हती.

जिना उतरताना टिटवीनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं."

तिला ते पटलं नाही. तिच्या जागी मलाही पटलं नसतं.

रिमांड होममध्ये एका लांब खोलीत बावीस मुली. आठवडाभर टिटवी कोणाशी बोलली नाही. शाळेची परीक्षा बुडाली. मग तिच्याशी गोडीनं बोलली ती सोळा वर्षांची एक मुलगी. तिनं हिला हेअरपिननं कुलूप उघडायला शिकवलं.

मी तिची आत्या शोधून काढली. ती शिवणकाम करायची, एकाच खोलीत राहायची. "भाची आहे माझी. जागेचं काय घेऊन बसलात?" म्हणाली आणि सही केली. सतराव्या दिवशी टिटवी बाहेर आली.

तीन महिन्यांनी न्यायालयानं तिला समज देऊन सोडलं. शिक्षा म्हणून एक दिवसही आत काढायचा नव्हता. बाहेर व्हरांड्यात बाप भेटला.

"बघा, किती शांत झाली. सुधारली की नाही?"

"तुमच्याशी बोलते?"

"बोलत नाही. पण उलट उत्तरही देत नाही," तो म्हणाला.

टिटवी आत्याला खेटून उभी होती. ती त्याला वळसा घालून माझ्याकडे आली.

"मॅडम, हे मला आता घरी नेऊ शकतात?"

"तुला विचारल्याशिवाय नाही. मी बघते ना."

"तोंडी नको," ती म्हणाली. "लिहून द्या."