मंगळवारची हव्वा

शनिवार होता. बेकरीतली रात्रपाळी करून आलेले हर्मिनेचे पापा, अलोइस ऱ्हुश्का, झोपायचं सोडून आरशासमोर दाढी करत होते. हर्मिनेने जवाच्या कॉफीचा पेला त्यांच्यासमोर ठेवला.

जिन्याखालून शेजारच्या म्राझेकबाई ओरडल्या, "काय हो आदाम, हव्वा वाट बघत असेल ना!"

"आदामाला नुसतं झोपायचं असतं बाई! बेकरीपेक्षा बरं काम," पापांनी वरून उत्तर दिलं.

आई हसली. हर्मिनेला आईचीच कीव आली. व्हिएन्नात पाव मिळेना आणि हे चित्रकाराकडे आदाम होऊन बसतात! उन्हाळ्यात त्या स्टुडिओच्या उघड्या दारातून तिने चित्र पाहिलं होतं. उघड्या हव्वेच्या खांद्यावर पापांचं डोकं, चेहऱ्यावर तृप्ती. असा चेहरा घरी तिने कधी पाहिला नव्हता.

"मिनेल, आज येतेस बघायला? चित्र संपत आलंय," पापांनी हर्मिनेला लाडाने विचारलं.

"वाचनालयात काम आहे."

शनिवारी वाचनालय बंद असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते टोपी घालून निघून गेले.

रविवारी पापांना ताप चढला. जीवघेण्या फ्लूची साथ घरोघर होतीच. आठवडा सरायच्या आत त्यांना पुरलं.

पुढच्या मंगळवारी त्यांचा कोट आणायला ती झाइडलर चित्रकाराकडे गेली. शेगडीपाशी शाल गुंडाळून एक बाई बसली होती. चित्रातली हव्वा ती हीच, हे हर्मिनेने लगेच ओळखलं.

"तुम्ही त्यांच्या लेक ना?" बाई म्हणाली. "मी फिलोमेना. ते उंच होते का हो? चित्रावरून कळत नाही."

'नाटक छान करते,' हर्मिनेच्या मनात आलं. तिने जपून विचारलं, "डाव्या हाताचं त्यांचं अर्धं बोट... थंडीत दुखायचं का इथे?"

"अर्धं?" बाई उठून चित्राजवळ गेली. हव्वेच्या कमरेवरच्या आदामाच्या हातावरून तिने बोट फिरवलं. "इथे तर पाचही धड आहेत. अहो झाइडलरसाहेब, मला फसवलंत की!"

"आदामाचं बोट तुटकं कसं चालेल?" झाइडलर पुटपुटले. "दोघांना एकत्र बसवलं की गप्पा हाणतात. म्हणून ही मंगळवारी, ते शनिवारी."

"मी आपली उन्हाळाभर त्यांच्याऐवजी त्या लोडाला टेकून!" बाईने कोपऱ्यातल्या जाड लोडाकडे हात केला. त्याला दोन्ही बाजूंनी खळगे पडले होते.

"आणि ते त्याच्यावर डोकं टेकून घोरायचे," झाइडलर म्हणाले. "उठवायला जिवावर यायचं."

हर्मिने चित्रासमोर गेली. तृप्ती नव्हतीच ती; रात्रभर भट्टीशी उभ्या राहिलेल्या माणसाची झोप होती. ते दोघे ऐकताहेत याचं तिला भान होतं. तरी ती मोठ्याने म्हणाली, "पापा, मला वाटलं होतं तुमचं बाहेर काही आहे. मी तुम्हाला तोंडावर विचारायला हवं होतं."