लंकाबाईचं पाणी

मांजराचा दुधावर नसेल एवढा लंकाबाईचा पाण्यावर डोळा. येवल्याजवळच्या त्यांच्या मळ्यात उन्हाळ्यात टँकर येई तेव्हाच पाणी, म्हणून भांड्यांना एक तांब्या, पाय धुवायला अर्धा. सून मनीषाने जास्तीचा तांब्या घेतला की लगेच ऐकावं लागे, "गंगेकाठी म्हायेर ना तुझं, लय पाणी बघितलंय!"

मळ्यात लाईट पोचली नव्हती, म्हणून त्या वर्षी सोलरचा दिवा घेतला. बसवणारा बजावून गेला होता, "बॅटरीतून वायू निघतो, जवळ आग नेऊ नका. ॲसिड डोळ्यांत उडालं तर आधी पाणी ओतत राहा, मग दवाखाना."

"वतत ऱ्हा म्हणे! हितं प्यायला नाय," लंकाबाई तेव्हा पुटपुटली होती.

मे महिन्यात दिवा लागेनासा झाला. बॅटरीतलं पाणी आटलं की काय, म्हणून मनीषाने दुपारी तिची बुचं काढली. कोपऱ्यात भरदिवसाही अंधार. तिने सवयीने रॉकेलची चिमणी पेटवून जवळ नेली आणि फाडकन आवाज झाला. डोळ्यांत निखारे पडल्यासारखी आग उठली.

"आत्या, मला दिसंना!"

लंकाबाईने तिला दंडाला धरून अंगणात बसवलं. "चोळू नको! डोळं उघडं ठेव!" तांब्यामागून तांब्या ओतला, मग तांब्या फेकून कळशीच उपडी केली. मागोमाग हंडा.

"आत्या, पाणी सरंल!"

"सरू दे. तू डोळं उघड."

रांजणाचा तळ खरवडल्याचा आवाज मनीषाने ऐकला. तेवढ्यात तिचा नवरा दीपक मोटारसायकल घेऊन आला. मनीषाला मध्ये बसवून, शेवटची कळशी मांडीवर घेऊन लंकाबाई मागे बसली आणि येवल्यापर्यंत सुनेच्या डोळ्यांवर पाणी सोडत राहिली.

"डोळे वाचले," तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले. "लगेच धुतले म्हणून. किती पाणी ओतलंत, आजी?"

तांब्या-तांब्याचा जाब विचारणारी लंकाबाई चोरी पकडली गेल्यासारखी गोंधळली.

"मोजलं नाय, डाक्टरसायब."

मनीषाच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. तिने चाचपडत हात पुढे केला, तर सासूचा ओलाचिंब पदर हाती लागला. या बाईला आपण मनातल्या मनात किती नावं ठेवली! तिला हुंदका आवरेना.

"रडू नको, औषध व्हाऊन जाईल," म्हातारी दटावून म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.