भूपेशचा इंग्रजी बायोडाटा

हेमकांत सरांनी शहाद्यात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. भाषा त्यातूनही वाचली, हे तिचं नशीब. निवृत्तीनंतर पुतण्याचा, भूपेशचा, लग्नाचा बायोडाटा त्यांनी अर्थातच इंग्रजीत लिहायला घेतला. मुलगी, कळसाडीची स्वप्नाली, लोणखेड्याच्या कॉलेजात इंग्रजीच शिकवत होती. तिला मराठीत लिहून पाठवणं म्हणजे घराण्याची शोभा!

साखर कारखान्यात फिटर असलेल्या भूपेशने एकच अट घातली. "काका, मी दारू पेत व्हतू, ते दपाडू नका. दोन वरीसपाईन सोडी दिन्ही, हाई बी लिखा."

असला खरेपणा सरांना गावंढळ वाटला. तरी त्यांनी ऐटबाज वाक्य रचलं: 'टू इयर्स अगो ही स्टॉप्ड टु ड्रिंक.'

आठवड्याने मंडळी कळसाडीला गेली. चहा झाल्यावर स्वप्नालीने तो कागद पुढे केला.

"सर, हे वाक्य तुमचं?"

"अर्थात," म्हणत सरांनी कौतुक झेलायला मान जरा झुकवलीही.

"याचा अर्थ, दोन वर्षांपूर्वी हे जाता जाता थांबले, ते दारू प्यायला. सोडली म्हणायचं तर 'स्टॉप्ड ड्रिंकिंग' हवं."

तिचे वडील दोधूआबा काळजीत पडले. "मंग तो अजून तठेच थांबेल शे का?"

"एका 'टु'ने काय बिघडतं? भावार्थ बघावा!" सर म्हणाले. याच 'टु'साठी पोरांचे मार्क कापताना भावार्थ त्यांना कधी आठवला नव्हता.

स्वप्नाली भूपेशकडे वळली. "मग खरं काय?"

"कामवर पेयेल गऊ. मशीनमा हात जाता जाता वाचना. तवयपाईन थेंब नई."

"न लिहिता चाललं असतं की."

"लगीन नंतर तुमले कळतंच ना."

ती पहिल्यांदा हसली. "आबा, आतापर्यंत अकरा बायोडाटा आले. सगळेच्या सगळे जन्मापासून निर्व्यसनी. हा एकटाच व्यसनातून सुटलेला."

तिसऱ्या दिवशी होकाराचा फोन आला. भूपेशचे वडील भाईदास पेढे घेऊन आले, तेव्हा सरांनी पेढा तोंडात टाकत समजावलं, "बघ, वाक्य असं लिहावं की वाचणारा थबकलाच पाहिजे."