डरकाळ्यांचा तास

शाळेला वाघ व्हायचं होतं. मुख्याध्यापिका प्रेमलता मॅडम जून महिन्यात कुठल्याशा परिषदेहून परतल्या त्या 'स्कूल स्पिरिट' नावाचं खूळ डोक्यात घेऊनच. नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवरच्या गोदामांमागे असलेल्या त्या शाळेत मुलींच्या बाथरूमला धड कडी नव्हती, विज्ञानाच्या मास्तरांची जागा कित्येक महिने रिकामी होती, पण शाळेत उणीव आहे ती स्पिरिटची, असा शोध मॅडमना परिषदेत लागला होता. नागपूर म्हणजे वाघांचं शहर, तेव्हा आपण सगळे 'टायगर्स', असं त्यांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं आणि दर गुरुवारी शेवटचा तास ओरडण्यासाठी राखून ठेवला. वेळापत्रकात त्याचं नाव 'स्पिरिट पिरियड' होतं. पोरं त्याला डरकाळ्यांचा तास म्हणायची.

माइकवरून मॅडमनी "हू आर वी?" असं विचारायचं आणि खाली उन्हात उभ्या असलेल्या सगळ्या शाळेने "टायगर्स!" म्हणून कोकलायचं, असा तो तास. पीटीचे अश्विन सर मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडून रांगांमधून फिरायचे. ज्या हाऊसचा आकडा मोठा, त्याला गुण. दहावी ब च्या मागच्या रांगा 'टायगर्स'ऐवजी 'भैताड', म्हणजे मूर्ख, असं ओरडत. ॲपला आवाज कळायचा, शब्द कळायचे नाहीत, त्यामुळे भैताडांचं हाऊस दर आठवड्याला पहिलं येत होतं आणि मॅडम त्यांची पाठ थोपटत होत्या. भाड्याने आणलेल्या वाघाच्या पोशाखात नववीतल्या विक्कीला कोंबलेलं असायचं. पोशाखाचे पट्टे धुऊन धुऊन उडाले होते आणि शेपटीला सेफ्टी पिन होती. त्या वाघाला पाहून खरं तर कुणालाही रडू यावं, पण टाळ्या पडायच्या. विश्वास एकाचाही नव्हता आणि ओरडत मात्र सगळे होते.

उन्नती ओरडत नसे. ती नुसते ओठ हलवायची आणि मनातल्या मनात या सगळ्या कळपाला चार शिव्या हासडायची. दहावीतली ही पोरगी मुलींच्या खो-खो संघाची कप्तान होती. तिच्या मते शाळेत स्पिरिट असलंच तर ते फक्त तिच्या संघात होतं, आणि त्याच संघाचं मैदान स्पिरिटने खाल्लं होतं. झालं असं, की मॅडमना सगळी पोरं वाघाच्या तोंडाच्या आकारात उभी करून वरून ड्रोनने व्हिडिओ काढायचा होता. खो-खोचा एक खांब नेमका वाघाच्या डोळ्यात येत होता. मॅडमनी दोन्ही खांब उपटायला लावले. तेव्हापासून मुली गोदामामागच्या मोकळ्या प्लॉटवर, ट्रकवाल्यांकडून मागून आणलेल्या लाकडी बल्ल्या पुरून सराव करत होत्या. पडलं की गुडघ्यात गिट्टी घुसायची.

आणि अशा सरावावर त्या जिल्ह्याच्या फायनलला पोचल्या. जिंकल्या तर विभागाला जाणार होत्या. शाळेच्या इतिहासात कुणी इतकं पुढे गेलं नव्हतं आणि उन्नतीचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष होतं. तिला दुसरं काही नकोच होतं. झोपेतसुद्धा ती खो द्यायची, असं तिची आई शेजारणीला सांगायची.

फायनलची बातमी कळताच मॅडमनी चार बस ठरवल्या. खेळाडूंना नवे बूट मिळाले नाहीत, पण ओरडणाऱ्यांना केशरी टी-शर्ट मिळाले. ते ऐकून उन्नती तडक अश्विन सरांकडे गेली.

"सर, आमचा पाठलाग चालू असताना पोट्ट्यांना गप्प ठेवा. इतक्या कल्ल्यात खो ऐकू येत नाही. बसलेलीले नाही ऐकू आला तर ती उठत नाही, अन् पंचाले नाही ऐकू आला तर फाउल."

सर स्वतः एके काळी विद्यापीठाकडून खेळलेले. त्यांना हे सांगायची गरजच नव्हती. त्यांनी मोबाइल एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवला. "मले समजते बेटा," ते म्हणाले, "पण मॅडमले कोण सांगन? तू खेळावर लक्ष दे."

उन्नतीला त्यांची कीव आली नाही, किळस आली. एवढा उंचापुरा माणूस आणि एका बाईला एक वाक्य सांगायची छाती नाही.

राहता राहिली हिमानी. हिमानी तिच्याच गल्लीतली, एकाच ऑटोने येणारी, लहानपणापासूनची मैत्रीण. आणि या अख्ख्या शाळेत स्पिरिटवर मनापासून विश्वास असलेला एकुलता एक जीव. तिला शाळेचं गाणं सुरू झालं की खरोखर भरून यायचं. गुरुवारी घसा बसेपर्यंत ओरडायची आणि शुक्रवारी हळद घातलेलं दूध पिऊन यायची. म्हणूनच मॅडमनी तिला झेंडा दिला होता. हिमानीने केशरी झेंडा वर केला की ओरडायचं, खाली घेतला की थांबायचं, अशी पोरांना सवय लावलेली. उन्नती तिला तोंडावर 'झेंडेवाली' म्हणायची आणि हिमानी ते कौतुक समजून हसायची.

"आमी पाठलाग करून राहिलो ना, तवा झेंडा खालीच ठेवशील," उन्नतीने ऑटोत तिला बजावलं. "एक बार बी वर नाही करायचा."

"मग तुमाले जोश कसा येईन वं?"

"तुझा जोश ठेव तुझ्यापाशी. शप्पथ घे."

हिमानीला ते पटलं नव्हतं, पण मैत्रीण म्हणते म्हणून तिने आईची शपथ घेतली. खो आणि कल्ल्याचं ते गणित उन्नतीने तिला समजावून सांगितलं नाही. झेंडेवालीला खो-खोतलं काय कळणार, असं तिला वाटलं.

मानकापूरच्या मैदानावर समोर सावनेरकडच्या एका शाळेचा संघ होता. त्यांच्या बाजूने एक शिक्षिका, पाण्याची एक कॅन आणि चार-दोन पालक, एवढाच काय तो गोतावळा. इकडे मांडवभर केशरी टी-शर्ट. निम्मी पोरं मोबाइलमध्ये मान घालून बसली होती आणि उरलेल्यांना कोण पाठलाग करतंय आणि कोण पळतंय याचा पत्ता नव्हता. मॅडम अजून यायच्या होत्या. हिमानी मात्र उठून उभी होती, झेंडा दोन्ही हातांनी छातीशी धरून. पहिल्या डावात उन्नतीच्या मुली पाठलाग करत होत्या तेव्हा झेंडा तसूभरही हलला नाही. मैदान इतकं शांत की मुलींच्या पायांचा आवाज ऐकू यावा. उन्नतीने एकदा मान वळवून पाहिलं आणि पोरगी बरी आहे, असं तिच्या मनात आलं.

शेवटचा डाव पाठलागाचा आला. बरोबरीसाठी एक बाद हवी होती, जिंकायला दोन. पहिली तर लवकरच मिळाली. राहिली ती दोन वेण्यांची एक बारकी पोरगी, जी हाती लागतच नव्हती. उन्नतीने तिला हळूहळू खांबाकडे रेटत आणलं. आणखी दोन खो, आणि ती सापडणार होती.

तेवढ्यात प्रेमलता मॅडम आल्या. सोबत संस्थेचे अध्यक्ष महादेवराव, हार घातलेले, आणि मागे व्हिडिओवाला. मांडवात शुकशुकाट पाहून मॅडमचा चेहरा उतरला. अध्यक्षांना डरकाळ्या ऐकवायला आणलं होतं आणि इथे तर मौनव्रत चाललेलं.

"हिमानी! आपल्या मुली संकटात आहेत आणि तू गप्प उभी? हेच का तुझं प्रेम शाळेवर?"

हिमानीने मैदानाकडे पाहिलं. उन्नती घामाने निथळत होती, तिचा चेहरा लालबुंद झाला होता. शपथ आठवली असेलच तिला. पण प्रेमाचं नाव काढलं की तिचं काही चालत नसे. तिने झेंडा वर केला.

पोरांनी सवयीने तोंडं उघडली. ज्याला खेळ कळत होता तोही ओरडला, ज्याला कळत नव्हता तोही, आणि भैताड म्हणणारे सगळ्यांत जोरात. उन्नतीने रांगेत बसलेल्या ताराच्या पाठीवर हात मारला आणि नरडं फुटेस्तोवर "खो" म्हणाली. तारा उठली, झेपावली. पंचाने शिटी फुंकली. त्याला खो ऐकू आलाच नव्हता. आणि ती शिटी आता मुलींना ऐकू येईना. तारा तशीच धावली, पुन्हा फाउल. पंच हात हलवून तिला मागे बोलावत होता, तारा गोंधळून उन्नतीकडे बघत होती, आणि दोन वेण्यांची पोरगी केव्हाच पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली होती. व्हिडिओवाला मांडवाकडे कॅमेरा लावून होता. वेळ संपल्याचं ज्यांना कळलं, त्यांना ते सावनेरच्या मुली वाचलो म्हणून उड्या मारायला लागल्या तेव्हा कळलं.

बरोबरी सोडवायला जादा डाव झाला. तोही डरकाळ्यांतच झाला, कारण महादेवराव आता खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. उन्नतीचा संघ हरला.

बसमध्ये केशरी पोरं नाचत होती. आपण हरलो हे निम्म्यांना माहीत नव्हतं आणि उरलेल्यांना त्याचं काही नव्हतं. हिमानी उन्नतीजवळ येऊन बसली. तिला बोलवत नव्हतं, घसा पार गेला होता. "रागावली का वं?" ती कशीबशी म्हणाली. "तुले हारताना पाहून मले राहवलं नाही. आवाजानं थोडी तरी हिंमत आली असंन ना तुले?"

उन्नतीने खिडकीकडे तोंड फिरवलं. या बावळट पोरीला काय सांगायचं! तिने ते सगळं आत साठवून ठेवलं, मॅडमसाठी.

सोमवारी प्रार्थनेनंतर मॅडमनी एक चषक बाहेर काढला. भलामोठा, सोनेरी, वर वाघ बसवलेला. त्यावर 'बेस्ट स्पिरिट' असं कोरलं होतं. तो शाळेनेच बनवून घेतला होता आणि शाळाच शाळेला देत होती. स्वीकारायला कप्तान म्हणून उन्नतीला वर बोलावलं, दोन शब्द बोलायला सांगितलं. मंचाच्या कडेला हिमानी झेंडा घेऊन उभी होती.

उन्नतीने चषकाला हात लावला नाही. तिने माइक घेतला.

"आमी हारलो नाही," ती म्हणाली. "आमाले हारवलं. तुमी सगळ्यांनी. पाठलागात खो ऐकू यावा लागते, पंचालेबी अन् पोरीलेबी. मी खो दिला तवा तुमी डरकाळ्या फोडून राहिले होते. ती पोट्टी हातात आली होती आमच्या. झेंडा वर झाला, खो बुडाला, फाउल झाला. आमचं विभागाचं गेलं. हे आहे तुमचं स्पिरिट. ठेवा तुमच्याजवळ."

मैदान गप्प झालं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या शाळेत खरी शांतता पसरली आणि उन्नतीला वाटलं, लागलं. आता लागलं यांना.

मॅडम पुढे आल्या. डोळे पुसत आल्या. त्यांनी उन्नतीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक आपल्याकडे ओढला. "पाहा, मुलांनो! किती जिव्हाळा! हरण्याचं किती दुःख! यालाच म्हणतात स्पिरिट. हू आर वी?"

आणि पोरं ओरडली. नेहमीसारखीच, झेंड्याची वाटही न बघता. अश्विन सर मान खाली घालून ॲपमधला आकडा बघत होते. मॅडमना काही लागलं नव्हतं, सरांना नाही, त्या केशरी कळपातल्या एकालाही नाही.

उन्नतीने बाजूला पाहिलं. हिमानीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिच्या हातातला झेंडा जमिनीवर टेकला होता आणि ती उन्नतीकडे बघत होती, काहीतरी विचारत होती, पण बसलेल्या घशातून आवाज निघत नव्हता. ओठ मात्र वाचता येत होते.

"मले काहून नाही सांगितलं वं?"