गालांवरचा किरमिजी रंग

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. वय अडीचशे वर्षं. ताणून बसवलेलं कापड, त्यावर जवसाच्या तेलात कालवलेले रंग, आणि त्या रंगांत एक साहेब, जोसाया लस्कम. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, मागे लाल पडदा, आणि गाल असे टवटवीत की गडी आत्ताच बागेत फेरी मारून आलाय असं वाटावं. आज मला पाहाल तर म्हणाल, हे कुणा आजाऱ्याचं चित्र आहे. असं कसं झालं, ते सांगते.

माझे रंग चित्रकाराचा म्हातारा मदतनीस गिडियन खलात वाटत असे. गालांसाठी आणि मागच्या पडद्यासाठी चित्रकाराने किड्यांपासून केलेला किरमिजी रंग मागितला, तेव्हाच तो कुरकुरला होता.

"मालक, हा उन्हात टिकायचा नाही. त्यापेक्षा हिंगुळाचा लाल घ्या, तो खनिजाचा असतो."

"हिंगुळाने माणूस प्यायल्यासारखा दिसतो, गिडियन. बायकोला नवरा शुद्धीतला हवा असतो!"

दोघेही हसले. मीही खूश होते, किरमिजी मला शोभत होता.

इंग्लंडात डेव्हनमधल्या खाडीकाठच्या घरात मी आले आणि त्याच महिन्यात जोसाया कापडाच्या व्यापारासाठी लिस्बनला निघाला. त्याच्या बायकोने, थॉमसिनने, मला दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगलं.

"अहो, इथून जहाज आधी तुम्हाला दिसेल," ती मला म्हणाली. "दिसलं की हाक मारा, काय?"

रोज ती माझ्यासमोर बसून चहा प्यायची. यंदा सफरचंदं किती उतरली, पाद्रीबुवा प्रवचन देतादेता कसे पेंगले, सगळं मला सांगायची. ते प्रेम माझं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते घेतलं.

फ्रेंचांशी युद्ध पेटलं होतं. जोसायाचं जहाज त्यांनी पकडलं आणि तो कैदेत पडला, पण घरी हे कुणालाच कळलं नाही. पत्रं येईनात. दुसऱ्या उन्हाळ्यात घर सांभाळणाऱ्या हॅनाफर्डबाई धूळ झटकताझटकता थबकल्या.

"बाईसाहेब, साहेबांचा चेहरा उतरल्यासारखा नाही वाटत?"

"काहीतरीच तुमचं!" थॉमसिन म्हणाली. पण त्या दिवशी चहा तसाच राहिला.

माणसाचं दुखणं त्याच्या तसबिरीत उतरतं, असं त्या घरात मानत. मग दोघींनी उपाय काढला. आजाऱ्याला ऊन हवं! रोज सकाळी त्या मला उचलून खिडकीत ठेवू लागल्या. ऊन सरकलं की मलाही सरकवत.

"बसा जरा उबेला," थॉमसिन म्हणायची. "बरं वाटेल."

मला ओरडावंसं वाटायचं. अगं बाई, खिडकी झाक! माझ्या चित्रातला लाल पडदाही फिकट झालाय, तो तरी बघ! पण पडद्याकडे कोण बघतं? आणि मला ओठ होते ते नुसते रंगवलेले.

तिसऱ्या हिवाळ्यात माझे गाल राखेसारखे झाले. थॉमसिनने त्यांवर बोटं फिरवली.

"गेलात ना? मला न सांगताच गेलात."

त्यानंतर ती जेवेना. फेब्रुवारीत तापाने अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही.

एप्रिलमध्ये, सफरचंदं फुलली असताना, जोसाया सुटून घरी आला. परतीच्या जहाजावर उन्हाने रापलेला, लालबुंद गालांचा. हॅनाफर्डबाईंच्या हातातली बशी पडली.

"थॉमसिन कुठे आहे?"

त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मग रडतरडत सगळं सांगितलं. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मी तर ठणठणीत होतो गं," तो म्हणाला, आणि त्याने माझ्या छातीवर कपाळ टेकलं.

पुढे चित्रकाराने गाल पुन्हा रंगवून देतो म्हटलं, तेव्हा जोसायाने मान हलवली. "नको. तिने शेवटी पाहिला तोच चेहरा राहू दे."

आता मी संग्रहालयातल्या मंद उजेडाच्या खोलीत असते. मित्रांनो, जुन्या तसबिरींना उन्हात ठेवू नका. आणि गिडियनसारखा जाणता माणूस कुरकुरला, तर हसण्यावारी नेऊ नका.

परवा माझी डागडुजी करणाऱ्या बाईंनी चौकट काढली. चौकटीखाली झाकलेल्या कडेला बोटभर लाल पडदा अजून ताजा होता. त्या जवळ वाकल्या.

"अरेच्चा! हा रंग नुसता उन्हाने उडालाय," त्या म्हणाल्या. "माणूस चांगला धडधाकट होता की!"

हे थॉमसिनला कुणीतरी सांगायला हवं होतं.